‘कावा’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी ३४ वर्षांची, मूळची नाशिकची, शिक्षणाने आर्किटेक्ट, पाच वर्षं झाली फिनलंडमध्ये ताम्पेरेला राहते. फिनिश नेटाने शिकली आणि आता एका छोट्या कन्सल्टिंग फर्मसाठी नगररचनेचे फिनिश कागद इंग्रजीत करून देते, फ्रीलान्स. फर्मची ड्रॉइंगवाली टीम पुण्यात बसते, ती हे इंग्रजी वाचून काम करते. मागच्या वर्षी तिने ‘राकेन्नुसओइकेउस’ या शब्दाचं ‘बिल्डिंग राइट्स’ केलं तर पुण्याहून मेल आला की हे राइट्स कुणाचे, विकता येतात का, टीडीआरसारखं (एका प्लॉटचे बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकता येतात ते) काही आहे का, आणि मेलच्या सीसीत सगळं ऑफिस. मग तिने रात्री जागून साठ शब्दांची ‘बरोबर इंग्रजी’ यादी केली. प्रोजेक्ट मॅनेजर पन्नाशीचा फिनिश माणूस, तो म्हणाला आम्ही पंचवीस वर्षं ‘टाउन प्लॅन’ लिहितोय, तू ‘लोकल डिटेल्ड प्लॅन’ कुठून काढलंस, आणि इंग्रजी तुझीही मातृभाषा नाहीच की. तिचे प्रश्न तीन: ताई, बरोबर शब्द कुठला? भांडू की सोडून देऊ? आणि दोन्ही भाषा परक्या असताना हे काम मी करावं तरी का?

अगं, पहिल्यांदा हे सांगते की तुझं पत्र वाचताना मला माझी फिनलंडमधली पहिली दोन वर्षं आठवली. तिकडे प्लॅनला ‘कावा’ म्हणतात आणि प्लॅनिंगला ‘कावोइतुस’, आणि मराठी माणसाला कावा म्हटलं की गनिमी कावाच आठवतो, त्यामुळे नगरपालिकेच्या बोर्डवर ‘कावा’ दिसला की मला उगाच वाटायचं की काहीतरी शिजतंय. तर त्याच शब्दाचा दुसरा अर्थ फॉर्म्युला, गणितातला. ‘आसेमाकावा’, म्हणजे तू ज्याला ‘लोकल डिटेल्ड प्लॅन’ म्हणालीस तो एका भागाचा तपशीलवार प्लॅन, शब्दशः फोडलास तर होतं ‘स्टेशन फॉर्म्युला’. हे डिक्शनरी उघडून शब्द लावणाऱ्यांचं होतं, तुझं नाही झालं, म्हणजे तू तेवढी पुढे आहेसच.

पण तुझ्या पत्रात एक गोष्ट तू गृहीत धरून चालली आहेस, तिथे मला जरा थांबायचंय. तुला वाटतं की प्रत्येक फिनिश शब्दामागे एक बरोबर इंग्रजी शब्द कुठेतरी ठेवलेला आहे, आणि तू तो शोधलास की मॅनेजर गप्प. मी विचारते, कुठल्या देशाचं इंग्रजी? इंग्लंडमध्ये १९४७ च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याने जमिनीवर काही बांधायचा हक्क मालकाकडून जवळजवळ काढूनच घेतला, तेव्हापासून तिथे परवानगी मागायची आणि कौन्सिल प्रत्येक केस बघून ठरवणार, लोकल प्लॅन असतो पण तो मार्गदर्शक, त्यात बसलं म्हणून परवानगी मिळालीच असं नाही. अमेरिकेत झोनिंग, म्हणजे शहरभर एक नियमपुस्तक आणि एक नकाशा, अमुक झोनमध्ये अमुक चालेल. फिनलंडचा आसेमाकावा या दोन्हींसारखा नाही. तो एका भागापुरता काढतात, त्यात कोर्त्तेली म्हणजे ब्लॉक, त्यात तोंत्ती म्हणजे प्लॉट, प्लॉटवर बिल्डिंग कुठल्या रेषेच्या आत बसणार, मजले किती ते रोमन आकड्यात, आणि किती चौरस मीटर बांधता येईल तो आकडा. आणि हे सगळं बंधनकारक, मालकावरही आणि नगरपालिकेवरही. इंग्रजी बोलणाऱ्या कुठल्याच देशात ही वस्तू जशीच्या तशी नाहीये, मग तिला घरचा शब्द कुठून असणार?

म्हणून ‘राकेन्नुसओइकेउस’ला तू फसलीस ती तुझी चूक कमी आणि १९४७ ची जास्त! हक्क हा शब्द फिनिशमध्ये आहेच, ओइकेउस म्हणजे हक्क, पण प्लॅनिंगवाले हा शब्द बोलतात तेव्हा त्यांच्या डोक्यात असतो आकडा. ‘या प्लॉटला २४०० आहे’ असं बोलतात, म्हणजे २४०० केर्रोसनेलिओ, मजल्यांचे चौरस मीटर. इंग्रजीत ‘राइट’ म्हटलं की वाचणारा वकिलासारखा विचार करायला लागतो, आणि पुणेकर तर टीडीआरचा विचार करणारच, त्यांचा काय दोष, त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलंय. तिथे ‘परमिटेड फ्लोअर एरिया’ लिही. करारनाम्यात किंवा जमीनव्यवहाराच्या कागदात जिथे खरोखर हक्काबद्दल बोलणं आहे तिथे ‘बिल्डिंग राइट’ चालेल, पण एकवचनी, आणि पहिल्यांदा येतो तिथे एका वाक्यात समजावून. एकच फिनिश शब्द, दोन जागी दोन इंग्रजी, यात काही पाप नाही. फक्त कुठे कुठला ते आधी ठरवलेलं पाहिजे, मूडवर नको.

पुण्याच्या टीमसाठी तर सोपं आहे, आणि हे तू केलं नाहीस याचं मला आश्चर्य वाटलं. ‘तेहोक्कूसलुकु’ म्हणजे प्लॅनवर छोटा e लिहिलेला असतो ना, e बरोबर ०.५ वगैरे, तो आपला एफएसआयच, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल तो आकडा. अमेरिकन त्याला एफएआर म्हणतात, इंग्लंडमध्ये प्लॉट रेशो. तुझे वाचणारे पुण्यात आहेत तर एफएसआय लिही की बाई, संपला विषय! मात्र लगेच एक इशारा पण लिही, कारण आकडा तोच दिसला तरी मोजायची पद्धत वेगळी. फिनिश ‘केर्रोसाला’, म्हणजे मजल्यांचं क्षेत्रफळ, बाहेरच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात, म्हणजे आपला आतला कार्पेट एरिया तर नाहीच नाही. वर २०२४ अखेरपर्यंतच्या जमीनवापर व बांधकाम कायद्याच्या कलम ११५ मध्ये मजा अशी की बाहेरची भिंत २५० मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्या जादा जाडीमुळे जेवढा एरिया वाढतो तेवढा मर्यादेच्या वर जायला मुभा, नाहीतर थंडीसाठी भिंत जाड करणाऱ्यालाच भुर्दंड पडला असता. तळघरही सरसकट धरत नाहीत, मुख्य वापराच्या खोल्या तिथे असतील तर धरतात. हे पुण्याच्या मुलांना कळलं नाही तर ड्रॉइंग चुकणार, मग शब्द कितीही बरोबर असू दे.

आता ‘टाउन प्लॅन’. तुझा मॅनेजर हट्टी आहे असं तू लिहिलंस, असेलही, पण त्याचा शब्द आकाशातून पडलेला नाही. फिनलंडमध्ये स्वीडिशही अधिकृत भाषा आहे हे तुला माहीतच आहे, आणि १९५८ च्या बांधकाम कायद्याच्या काळात आसेमाकावाला स्वीडिशमध्ये ‘स्ताद्सप्लान’ म्हणायचे, म्हणजे सरळसरळ टाउन प्लॅन. तेव्हा शहराला आसेमाकावा आणि ग्रामीण नगरपालिकांच्या दाट वस्तीला ‘राकेन्नुसकावा’ असे दोन वेगळे प्रकार होते. १ जानेवारी २००० ला नवा कायदा लागू झाला, दोन्ही मिळून एकच आसेमाकावा राहिला, आणि स्वीडिशमध्ये त्याचं नाव झालं ‘देताल्यप्लान’. डिटेल्ड प्लॅन! म्हणजे बघ, तो २००० च्या आधीचा शब्द बोलतोय आणि तू २००० नंतरचा, इंग्रजी कुणाची चांगली हा प्रश्नच नाही. हे त्याला असं सांगितलंस तर त्याचा मान राहील आणि तुझं काम होईल. ‘तुमचा शब्द चुकीचा’ म्हणालीस की फिनिश माणूस शांत बसतो, मान हलवतो, आणि पुढच्या प्रोजेक्टला दुसऱ्याला बोलावतो.

शिवाय तुझ्या बाजूने एक हुकमी पत्ता आहे तो तू वापरलाच नाहीस. महाराष्ट्रात १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे प्रादेशिक व नगररचना कायद्यात टाउन प्लॅनिंग स्कीम आहे, टीपी स्कीम, तिची परंपरा थेट १९१५ च्या बॉम्बे टाउन प्लॅनिंग कायद्यापर्यंत जाते, आणि त्यात सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते-मैदानं काढून उरलेले प्लॉट पुन्हा वाटतात. पुण्याच्या माणसाने ‘टाउन प्लॅन’ वाचलं की त्याच्या डोक्यात एकतर हे येणार नाहीतर अख्ख्या शहराचा डीपी, म्हणजे विकास आराखडा. आसेमाकावा हे दोन्ही नाही. मॅनेजरला म्हण, आपले निम्मे वाचक पुण्यात आहेत, त्यांच्याकडे हा शब्द आधीच बुक झालेला आहे.

‘युलेइसकावा’चं, म्हणजे अख्ख्या गावाच्या ढोबळ प्लॅनचं, तर विचारूच नकोस. कायद्याच्या इंग्रजी भाषांतरात ‘लोकल मास्टर प्लॅन’, जुन्या कागदात ‘जनरल प्लॅन’, आणि हेलसिंकी महापालिका स्वतःच्या २०१६ मध्ये मंजूर झालेल्या प्लॅनला इंग्रजीत ‘सिटी प्लॅन’ म्हणते. तिघेही आपापल्या जागी बरोबर. मी एक नियम पाळते की एखाद्या गावाने स्वतःच्या प्लॅनला स्वतः इंग्रजी नाव दिलंय तर त्या प्लॅनचं नाव म्हणून तेच ठेवायचं, माणसाचं नाव आपण बदलत नाही तसं, आणि प्रकार सांगायचा असेल तेव्हा कायद्याच्या भाषांतरातला शब्द. कायद्याची भाषांतरं फिनलेक्सवर, म्हणजे फिनिश कायद्यांच्या वेबसाइटवर, फुकट आहेत, ती अधिकृत नसतात, बंधनकारक मजकूर फिनिश आणि स्वीडिशच, पण भांडणात टेकायला भिंत म्हणून उत्तम. त्याशिवाय तेपा टर्मबँक आणि सरकारची वाल्तेर टर्मबँक आहे, म्हणजे पारिभाषिक शब्दांचे ऑनलाइन कोश, तू बघतच असशील. आणि अडलीस की स्वीडिश शब्द बघ, माझा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो कारण स्वीडिश इंग्रजीच्या चुलतघरातली आहे, फिनिशचं इंग्रजीशी तसं नातं नाही.

हे सगळं झालं नावांचं. खरं सांगू का, नावांवर आपण फार जीव काढतो. ‘डिटेल्ड प्लॅन’ ऐवजी ‘टाउन प्लॅन’ गेलं म्हणून कुणाचं घर बुडत नाही. नुकसान होतं ते छोट्या शब्दांनी, आणि तुझ्या साठ शब्दांच्या यादीत ते मला फारसे दिसले नाहीत.

‘मुइस्तुतुस’ घे. शब्दशः आठवण, रिमाइंडर. मी एका गावच्या इंग्रजी पत्रकात खरंच वाचलंय की रहिवासी ‘रिमाइंडर’ देऊ शकतात. कसली आठवण? प्रत्यक्षात ती आहे हरकत, आपल्या हरकती-सूचनांमधली हरकत. प्लॅनचा मसुदा असतो तेव्हा लोकांनी द्यायचं ते ‘मिएलिपिदे’, मत. प्रस्ताव तयार होऊन साधारण ३० दिवस, किरकोळ बदल असेल तर १४ दिवस, लोकांना बघायला ठेवतात तेव्हा द्यायचं ते मुइस्तुतुस, लेखी, आणि मागितलं तर नगरपालिकेला त्याला कारणांसकट उत्तर द्यावं लागतं. आणि मंजूर झाल्यावर कोर्टात जायचं ते ‘वालितुस’, अपील. या तीन पायऱ्या इंग्रजीत ओपिनियन, ऑब्जेक्शन, अपील अशा वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. तुझ्याच बिल्डिंगमधला एखादा परदेशी माणूस ‘रिमाइंडर’ वाचून म्हणेल मला काही आठवण करून द्यायची नाहीये, आणि ३० दिवस निघून जातील.

तसंच ‘ओहयेलिनेन’ आणि ‘सितोवा’. प्लॅनवर एखादी प्लॉटची रेषा ओहयेलिनेन असेल तर ती अंदाजे दाखवलेली, इंडिकेटिव्ह, थोडी हलवता येते. सितोवा म्हणजे बंधनकारक, हलत नाही. हे उलटसुलट झालं तर थेट पैशाचं नुकसान. आणि क्रियापदं! ‘सा’ म्हणजे करता येईल, मे. ‘ओन राकेन्नेत्तावा’ म्हणजे बांधावंच लागेल, मस्ट. ‘तुले’ दिसतं साधं, ‘येतं’, पण प्लॅनच्या नियमात ते सक्तीचं असतं, आणि लोक त्याचं ‘शुड’ करून टाकतात, की झाला नियमाचा सल्ला. इंग्रज वाचक शुड वाचून म्हणतो बघू, जमलं तर.

इथेच मला तुझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे यायचंय, मातृभाषेच्या. फिनिशमध्ये सक्ती सांगताना कर्ता बाजूला सरकतो, ‘मिनुन तॅयत्युय मेन्नॅ’, आणि मराठीत आपण काय म्हणतो, मला जावं लागतं. ‘मी’ नाही, ‘मला’. इंग्रजीत आय मस्ट, तिथे कर्ता छाती काढून उभा. त्यांच्याकडे हॅव्हसारखं क्रियापद नाही, ‘मिनुल्ला ओन’, माझ्याकडे आहे, आपल्याकडेही नाही. ‘तालोन एदेस्सॅ’, घराच्या पुढे, क्रमसुद्धा तोच. ए, ॲन, द त्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही. त्यामुळे ‘प्लॉटवर झाडं लावावीत’ यातली सक्ती तुझ्या कानाला जशी लागते तशी ती फक्त इंग्रजीत वाढलेल्या माणसाला लागेलच असं नाही. मी अवघड नियम आधी मनात मराठीत करते, सरकारी मराठीत, ‘लावणे बंधनकारक राहील’ छाप, आणि तिथे अर्थ पक्का झाला की मग इंग्रजीत उतरते. हसू येईल पण करून बघ. इंग्रजीचा शेवटचा हात फिरवायला मातृभाषकाकडून एक वाचन करून घे, त्याचे पैसे आधीच कोटेशनमध्ये धर, त्यात कमीपणा कसला, छापखान्यातही प्रूफरीडर असतोच.

आणि मॅनेजरच्या त्या वाक्याला उत्तर द्यायचंच असेल तर एवढंच म्हण की हे इंग्रजी वाचणाऱ्यांपैकी कितीजणांची ती मातृभाषा आहे? पुणे टीमची नाही, गुंतवणूकदार बहुतेक जर्मन नाहीतर स्वीडिश, ताम्पेरेत राहणारे परदेशी लोक कुठकुठचे. हे सगळ्यांचंच दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतलं इंग्रजी आहे, म्हणून ते साधं आणि एका कागदात एकसारखं हवं. लंडनच्या कानाला गोड लागायची गरज नाही.

बाकी शब्दांचं पटकन. ‘केव्युत लीकेन्ने’ म्हणजे चालणारे आणि सायकलवाले, ‘लाइट ट्रॅफिक’ लिहिलंस तर वाचणारा म्हणेल वा, इथे गर्दी कमी दिसते. ‘तायामा’ला नुसतं अर्बन एरिया लिहू नकोस, तिकडे घरांमधलं अंतर २०० मीटरच्या आत आणि माणसं २०० झाली की तायामा, आपल्याकडे जनगणनेत शहर म्हणायला ५००० लागतात, पुणेकर २०० माणसांचं ‘अर्बन’ बघून टायपो समजतील. व्याख्या खाली टीप म्हणून द्यायची. ‘लॅहिओ’ला सबर्ब म्हटलं की अमेरिकन बंगले डोळ्यासमोर येतात, लॅहिओ म्हणजे मुख्यतः जंगलाच्या कडेला उभ्या केलेल्या फ्लॅटच्या वसाहती. तो शब्द ओत्तो-ईवारी म्यूरमनने १९४० च्या दशकात रुळवला, नेबरहूड युनिटच्या कल्पनेवरून, तर हाउसिंग इस्टेट म्हण किंवा शब्द तसाच ठेव, मी तर तसाच ठेवते. आणि ‘ओसाल्लिस्तुमिस- या आर्विओइंतिसून्नितेल्मा’, म्हणजे लोकसहभाग आणि परिणाम-मूल्यमापनाचा आराखडा, हा एका दमात म्हणून दाखव बघू! सून्नितेल्माही प्लॅन आणि कावाही प्लॅन, म्हणजे प्लॅन कसा करणार त्याचा प्लॅन. कायद्याच्या भाषांतरकाराने तिथे ‘स्कीम’ वापरून सुटका करून घेतलीय, तूही घे, फक्त पुण्याच्या प्रतीत स्कीम म्हणजे टीपी स्कीम नव्हे एवढं एका ओळीत सांग.

मग करायचं काय. साठ शब्दांची यादी बाजूला ठेव. त्यातले पंधरा काढ, ज्यांच्या चुकीने कुणाचा तरी पैसा, वेळ किंवा हरकत घ्यायची संधी जाते असे. प्रत्येकापुढे फिनिश, स्वीडिश, तुझा इंग्रजी शब्द, कुठे वापरायचा, आणि कुठल्या कायद्याच्या काळातला. शेवटचा रकाना खरंच ठेव, कारण १ जानेवारी २०२५ पासून बांधकामाचा भाग वेगळ्या नव्या कायद्यात गेलाय आणि २००० च्या कायद्याचं जे उरलं त्याचं नावच बदललंय, म्हणजे तुझी यादीही दोन वर्षांत जुनी होणार, यादीवर तारीख टाक. ‘टाउन प्लॅन’ त्या पंधरांत पहिला ठेवू नकोस. मुइस्तुतुस पहिला ठेव, त्यावर तो वाद घालणार नाही, कारण त्यालाही माहीत आहे ते रिमाइंडर नाही. सातव्या-आठव्या नंबरवर आसेमाकावा येऊ दे. आणि तरी तो नाहीच म्हणाला तर टाउन प्लॅन लिही, पहिल्या उल्लेखाला फिनिश शब्द शेजारी ठेव आणि पुढे जा. चालू असलेल्या प्रोजेक्टच्या मधेच शब्द बदलू नकोस हे मात्र मी त्याच्या बाजूने सांगते, अर्ध्या कागदात एक आणि अर्ध्यात दुसरा असं झालं की वाचणाऱ्याला वाटतं दोन वेगळे प्लॅन आहेत.

सोडायचं कधी? ‘शुड’ आणि ‘मस्ट’वर तो ऐकत नसेल तर. तिथे लेखी मेल टाक की मूळ मजकुरात सक्ती आहे, आणि तुझं नाव भाषांतरावर नको म्हण. इतर कशासाठी हे काम सोडू नकोस.

आणि ती यादी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर काढू नकोस, आधी त्याला एकट्याला कॉफीवर दाखव, फिनलंडमध्ये निम्मी कामं तिथेच होतात. मेल करणारच असशील तर जूनच्या आधी कर. जुलैत पाठवलास तर तो कुठल्यातरी तळ्याकाठी मोक्कीवर, म्हणजे सुट्टीच्या घरी, लाकडं फोडत असेल, उत्तर येईल ऑगस्टमध्ये, आणि तोवर तूच यादीतले चार शब्द बदललेले असशील.